रविवारचं व्यवस्थापन कोण शिकवणार?

दरवर्षी जून-जुलैत मराठी वर्तमानपत्रांत दोन मजकूर एकाच आठवड्यात छापून येतात आणि एकमेकांकडे ढुंकूनही पाहत नाहीत. पहिल्या पानावर धबधब्यात वाहून गेलेल्यांची बातमी असते. आतल्या करिअर पुरवणीत ‘पर्यटन क्षेत्रातील संधी’ असा लेख असतो, सोबत चाकांची बॅग ओढत निघालेल्या हसऱ्या मुलीचा फोटो. बातमीवर जो वाद होतो त्यात दोनच पक्ष असतात: लोकांना अक्कल नाही म्हणणारे आणि प्रशासन झोपलंय म्हणणारे. पुरवणीतल्या लेखावरही दोनच: पॅकेज किती मिळेल असं विचारणारे आणि ‘फिरायला शिकायची कसली आलीय डिग्री’ म्हणून हसणारे. हे चारही पक्ष चुकीच्या जागी भांडताहेत, असं माझं मत आहे. बाग, गड, समुद्रकिनारा, जंगल आणि तिथे सुट्टीच्या दिवशी येणारी माणसं यांची व्यवस्था लावणं हा कॉलेजात रीतसर शिकवण्याजोगा विषय आहे, आणि महाराष्ट्रात तो न शिकवल्याची किंमत आपण दर पावसाळ्यात मोजतो. तो आपण भलत्याच खात्यात जमा केलाय, एवढंच. विमानाची तिकिटं काढणं आणि हॉटेलं बुक करणं म्हणजे पर्यटन, अशी समजूत करून घेतल्यामुळे नगररचना आणि सार्वजनिक आरोग्याच्या पंगतीत बसायला हवा होता तो विषय ट्रॅव्हल एजंटच्या काउंटरमागे जाऊन बसला.

सध्या हे काम करतं कोण, ते आधी पाहू. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणाजवळ एकाच कुटुंबातली ५ माणसं पाण्याच्या लोंढ्यात वाहून गेली. पुढच्या वर्षी, १५ जून २०२५ ला, त्याच मावळ तालुक्यात कुंडमळ्याचा इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल गर्दीखाली कोसळला आणि ४ जणांचा जीव गेला. पूल धोकादायक असल्याचं आधीच ठरलेलं होतं, तसा फलकही लावलेला होता. दोन्ही दिवस रविवार होते. अशा घटनेनंतर जिल्हाधिकाऱ्यांच्या हातात एकच हत्यार उरतं: मनाई आदेश. पूर्वी तो कलम १४४ खाली निघायचा, जुलै २०२४ पासून नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली निघतो. अंमलबजावणी करतो तो भर पावसात काठी घेऊन उभा असलेला पोलीस शिपाई. तहसीलदार महसुलात मुरलेला असतो, वनपालाला झाडं आणि जनावरं कळतात, पाटबंधारेवाल्याला धरणाची पातळी कळते, ग्रामसेवकाला घरपट्टी. आपापल्या कामात ही माणसं कच्ची नसतात. पण येत्या रविवारी इथे किती लोक येतील, ते नेमके कुठे थांबतील, कुठल्या वळणावर कोंडी होईल आणि इथे अडवलं तर ते घरी परततील की पुढच्या ओढ्यावर जातील, हे सांगणं यांच्यापैकी कुणाचंच काम नाही. शेवटचा प्रश्न तर आदेश काढताना कुणी विचारतही नाही. भुशी बंद केलं म्हणून पिंपरी-चिंचवडहून दुचाकीवर निघालेली पोरं वाटेतून माघारी फिरत नाहीत. ती जिथे फलकही नाही, दोरीही नाही आणि मोबाइलला रेंजही नाही अशा पाण्यात उतरतात. एक जागा बंद केल्याने धोका कमी झाला की नुसता सरकला, हे मोजायची रीत असते, आणि ती शिकावी लागते.

ही रीत आली कुठून? गुरांपासून. एका कुरणावर किती जनावरं चारली तर गवत पुन्हा उगवतं, हा कुरण सांभाळणाऱ्यांचा जुना हिशेब. अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धानंतर घरोघरी मोटार आली, राष्ट्रीय उद्यानांत माणसांचे लोंढे यायला लागले, आणि जे. अॅलन वॅगर या वनशास्त्राच्या अभ्यासकाने १९६४ मध्ये हाच हिशेब माणसांना लावून पाहिला. त्यातून निघालं ते मोठं गमतीचं होतं. गुरांचा हिशेब माणसांना जसाच्या तसा लागत नाही. एखाद्या डोंगरावर ‘किती माणसं म्हणजे फार’ याचं उत्तर मातीची धूप मोजून पूर्ण मिळत नाही, कारण माणूस तिथे कशासाठी आलाय यावर ते ठरतं. शांततेसाठी आलेल्याला २० जण जास्त होतात, जत्रेला आलेल्याला २०,००० कमी वाटतात. म्हणून आधी ठरवायचं की ही जागा आपल्याला कशी टिकवायची आहे, आणि मग मोजायचं की ती तशी राहिली आहे का. १९८५ मध्ये तिथल्या वनखात्याच्या अभ्यासकांनी याची पायरी-पायरीची पद्धत लिहून काढली. आज अमेरिकेतल्या अनेक विद्यापीठांत मनोरंजन, उद्यानं आणि पर्यटन यांच्या व्यवस्थापनाचे स्वतंत्र विभाग आहेत. योसेमिटीतल्या हाफ डोम नावाच्या कड्यावर लोखंडी दोर धरून चढतात. तिथे दोरांवर माणसांची रांग अडकायला लागली तेव्हा कडा बंद केला नाही. २०१० पासून परवाने सुरू झाले आणि दिवसाला साधारण ३०० जणांची मर्यादा आली. आता आपला हरिहर आठवा. त्र्यंबकजवळचा हा गड, खडकात कोरलेल्या त्याच्या उभ्या पायऱ्या, आणि पावसाळी रविवारी त्यांवर चढणाऱ्यांच्या टाचा उतरणाऱ्यांच्या तोंडापाशी. दोन्हीकडे अडचण तीच आहे. आपल्याकडे मोजणारा नाही.

लोहगडाचं उदाहरण तर मला फारच बोलकं वाटतं. गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा अशी चार दारं, मधली वाट मुद्दाम नागमोडी. कशासाठी? चालून आलेल्या जमावाला एकदम आत घुसता येऊ नये, तो वळणावर खोळंबावा, एकमेकांत अडकावा आणि वरून मारा करता यावा यासाठी. जमाव कोंडण्याचं इतकं चोख यंत्र बांधणाऱ्याने बांधून ठेवलं, आणि आपण दर पावसाळी रविवारी त्याच यंत्रातून हजारो माणसं एकाच वाटेने वर आणि खाली सोडतो. २०२३ च्या जुलैत तिथे लोक तासन्तास अडकले, त्याचे व्हिडिओ फिरले, आणि चर्चा झाली ती ‘हल्लीची पिढी’ या विषयावर! ११ जुलै २०२५ ला युनेस्कोने मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्यात लोहगडही आहे. आपण फटाके वाजवले, ते योग्यच झालं. पण त्या १२ पैकी महाराष्ट्रातल्या ११ गडांवर माणसांची ये-जा कशी असावी, हे अधिकाराने सांगू शकेल असा शिकलेला माणूस किती गडांना मिळाला?

आता विरोधकांचं ऐकू. त्यांच्यातला सगळ्यात वजनदार आक्षेप असा की गर्दी सांभाळायचं शास्त्र आम्हाला अमेरिकेने शिकवायची गरज नाही, आमच्याकडे वारी आहे. मान्य, आणि आनंदाने मान्य. लाखो माणसं आळंदीहून पंढरपूरला पायी जातात, वाटेत मुक्काम, पाणी, जेवण, औषध सगळं होतं. जगात कुणीही येऊन शिकावं असं हे आहे. पण वारी आपोआप चालते हा समज मात्र घरी बसून वारी पाहणाऱ्यांचा. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हैबतबाबा आरफळकरांनी ज्ञानेश्वर माऊलींच्या पालखीला शिस्त घातली, अंकलीच्या शितोळे सरकारांनी घोडे दिले, आणि तेव्हापासून कोण कुठे चालणार हे ठरलेलं आहे. रथापुढे २७ दिंड्या, बाकीच्या मागे, प्रत्येकीचा क्रमांक पक्का. तळावर समाजआरतीला चोपदार चोप उंचावतो आणि सगळे टाळ थांबतात. एखाद्या दिंडीचे थांबले नाहीत तर त्या दिंडीची काही तक्रार आहे असा त्याचा अर्थ. चोपदार तिथे जातो, तक्रार ऐकतो, मिटवतो. सापडलेल्या वस्तूंचा पुकारा होतो. तक्रार निवारणाची इतकी देखणी व्यवस्था मी कुठल्या महानगरपालिकेत पाहिलेली नाही. पण हा अभ्यासक्रमच झाला की! तो पिढ्यान्‌पिढ्या शिकवला जातो, फड आणि घराणी तो जपतात, नवा वारकरी जुन्याच्या मागे चालत शिकतो. कुंडमळ्याला आलेल्या गर्दीला ना दिंडी आहे, ना वीणेकरी, ना चोपदार. ती माणसं एकमेकांना ओळखत नाहीत, पुन्हा भेटणार नाहीत, आणि त्यांना जोडणारं नाव त्यांच्या ओठी नाही. वारीतून शिकायचंच असेल तर कुणीतरी ती वारकऱ्याच्या भक्तीने चाललेली असतानाच अभ्यासकाच्या डोळ्यांनीही पाहायला हवी, तिच्यातलं काय उचलता येतं आणि काय येत नाही ते लिहायला हवं. ते कोणत्या विभागात बसून लिहायचं?

आणि जिथे अशी शिस्त रुजलेली नसते तिथे भक्तीही वाचवत नाही. २५ जानेवारी २००५ ला मांढरदेवीला काळूबाईच्या यात्रेत जवळपास ३०० माणसं मेली. तेव्हाही भाविकांच्या ‘अंधश्रद्धे’वर रकाने भरले. खरी कारणं किती साधी होती: नारळाच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्या, अरुंद वाट, दोन्ही बाजूंना खेटून दुकानं, त्या दुकानांत गॅसची सिलिंडरं. यातलं एकही कारण माणसाच्या श्रद्धेत नव्हतं, सगळी जागेच्या रचनेत होती. नारळ कुठे फोडायचा आणि पाणी कुठे वाहून जाऊ द्यायचं, हे ठरवायला पुरोगामी किंवा सनातनी असावं लागत नाही.

दुसरा आक्षेप: मराठी माणसाच्या मोठ्या सहल कंपन्या उभ्या राहिल्या त्या कुठल्या डिग्रीवर? केसरीभाऊ पाटलांनी १९८४ मध्ये आपली कंपनी काढली ती टुरिझमची पदवी घेऊन नव्हे. हे मी पूर्ण मान्य करतो, एवढंच नव्हे, सहल कंपनी चालवायला पदवी लागत नाही असंच मला वाटतं. माणसं ओळखण्याची हातोटी, पोहे कुठे मिळतील याची खबर आणि उधारीवर हॉटेलवाल्याशी बोलण्याची धमक वर्गात येत नाही. पण सहल कंपनीला आपलं गिऱ्हाईक निवडता येतं. ४० जणांची बस भरली की ४१ व्याला ती नम्रपणे नाही म्हणते. सारसबागेला असं म्हणता येतं का? जुहूच्या चौपाटीला? सार्वजनिक जागेत सगळेच येतात, एकाच वेळी येतात, आणि प्रत्येकाला काही वेगळंच हवं असतं. आजोबांना बाक, पोरांना क्रिकेट, जोडप्याला आडोसा, बचत गटाच्या बायकांना बसून बोलायला सावली. या चौघांचं एका एकरात कसं जमवायचं हा धंद्याचा प्रश्न नाही. आणि खरी गोची इथेच आहे. आपल्या बऱ्याच पर्यटन अभ्यासक्रमांत आजही धंद्याचाच प्रश्न सोडवायला शिकवतात. अमेडियस आणि गॅलिलिओ या तिकीट-आरक्षणाच्या संगणक यंत्रणांवर आरक्षण कसं करावं, विमानतळांचे तीन अक्षरी संकेत कोणते, व्हिसाचे प्रकार किती. मोबाइलवरून आज सातवीतला मुलगा तिकीट काढतो. ही डिग्री कशाला, असं विचारणाऱ्यांना या अभ्यासक्रमाकडे बोट दाखवायचा पूर्ण हक्क आहे.

तिसरा आक्षेप मला सगळ्यात प्रामाणिक वाटतो: पुण्या-मुंबईचा पदवीधर येऊन गावाला काय शिकवणार? ताडोबाच्या वेशीवरच्या गावातला गाइड, ज्याचा बाप त्याच रानात तेंदूपत्ता तोडायला जायचा, त्याला वाघाचा माग जितका कळतो तितका कुठल्या वर्गात कळेल? कासच्या पठारावर भोवतालच्या गावांनी वनखात्याबरोबर संयुक्त समित्या करून हंगाम सांभाळला. २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर कासचं नाव जागतिक वारशात गेलं आणि साताऱ्याहून गाड्यांची रीघ लागली. तेव्हा शुल्क, ऑनलाइन नोंदणी, दिवसाला ३,००० ची मर्यादा, फुलांत पाय घालणाऱ्याला हाक मारणारे गावचे तरुण, हे सगळं कुठल्याही टुरिझमच्या पदवीधराशिवाय उभं राहिलं. यापुढे कुणी गावाला बाजूला सारून वरून ‘व्यवस्थापक’ नेमणार असेल तर माझा त्याला विरोधच राहील.

पण कासचीच गोष्ट पुढे पाहा. पर्यटकांचे पाय आणि गुरांची तोंडं दोन्ही रोखायला पठाराभोवती जाळीचं कुंपण घातलं गेलं. ऐकायला किती शहाणपणाचं! काही वर्षांनी आरडाओरडा सुरू झाला की फुलं कमी झाली, गवत माजलं. जांभ्याच्या त्या कातळावर मातीचा थर बोटभर. सीतेची आसवं, गेंद, तेरडा या टीचभर वनस्पतींना ऊन मिळायचं ते गुरं गवत खुरटं ठेवत होती म्हणून, असं जाणकार सांगू लागले. शेवटी ते कुंपण काढावं लागलं. इथे गावकऱ्याचं ज्ञान खरं ठरलं, कारण गुरं त्याचीच होती. मग कुंपण घालताना त्याला विचारलं का नाही? आणि त्याने सांगितलं असतं तरी ते कागदावर, मोजमापासह, साहेबाला नाकारता येणार नाही अशा भाषेत मांडणारा कोण होता? मला पदवीधर हवा आहे तो या दुव्यासाठी. शक्यतो तो त्याच गावचा असावा. कासाणी-एकीवच्या पोराने साताऱ्यातल्या कॉलेजात हा विषय शिकावा आणि परत जाऊन समितीत बसावं, यात गावाचं काय जातं? गावाचं ज्ञान श्रेष्ठ आहे म्हणून गावच्या मुलांना तो विषय शिकू नका म्हणणं, हा मोठा सोयीचा आदर झाला.

चौथ्या आक्षेपापाशी मात्र मी थोडा अडखळतो. ‘व्यवस्थापन’ आलं की गेट येतं, तिकीट येतं, मग फूड कोर्ट, मग सेल्फी पॉइंट, असं म्हणणारे लोक अनुभवाने बोलताहेत. डोंगर फुकटात पाहायचा हक्क हा शेवटचा फुकट हक्क उरलाय, तोही हिशेबनीस येऊन मोजणार? ही भीती खोटी नाही. काही ठिकाणी ती खरी झालेलीच आहे. पण सध्याची अव्यवस्था तरी कुणाला मोकळीक देते ते बघा. पुण्यातल्या बहुतेक महापालिका बागा भर दुपारी बंद असतात. दुपारी बागेची गरज कुणाला असते? दोन घरांच्या कामांमध्ये तास मोकळा मिळालेल्या मोलकरणीला, रिक्षा सावलीला लावलेल्या चालकाला, डबे पोचवून आलेल्या पोराला, अभ्यासिकेची फी न परवडणाऱ्या विद्यार्थ्याला. सकाळी चालायला आणि संध्याकाळी नातवाला घेऊन येणाऱ्यासाठी बाग उघडी, आणि उन्हात राबणाऱ्यासाठी बंद. हे कुणी दुष्टपणाने ठरवलेलं नाही. बागा ज्यांच्या हाती आहेत त्या उद्यान खात्यांत भर आहे तो उद्यानविद्या शिकलेल्यांचा, त्यांना हिरवळीला पाणी कधी द्यावं ते उत्तम कळतं, आणि माणूस बागेत कधी येतो हा त्यांच्या परीक्षेतला प्रश्नच नव्हता. म्हणून आपल्या बागांतल्या पाट्या वाचाव्यात: हिरवळीवर बसू नये, खेळू नये, फुले तोडू नयेत, डबा खाऊ नये. बागेत यावं कशाला, हे सांगणारी पाटी मी अजून शोधतोय. माणसांचा अभ्यास केलेला अधिकारी असता तर तिकीट वाढलं असतं की पाट्या कमी झाल्या असत्या? खात्री देता येत नाही. पण बाग कोण वापरतं याची पाहणी त्याने निदान केली असती, आणि आकडे हाती आले की नगरसेवकाशी भांडायला नागरिकांनाही काही हाती लागतं.

‘आधी पाणी आणि दवाखाने, मग करमणूक’ हा युक्तिवाद मात्र मला अजिबात पटत नाही. या राज्यात तो शोभतही नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि सहा वर्षांच्या लढ्यानंतर १० जून १८९० रोजी रविवारची सुट्टी मिळवली. त्या कामगारांना पाणी आणि दवाखाने मिळालेले होते का? तरीही त्यांनी आधी आठवड्यातला एक दिवस मागितला. विसावा ही पोट भरलेल्यांची चैन आहे, असं गिरणीमालक म्हणत होते असं समजलं तरी त्यात नवल नाही. आज तेच आपण चाळीतल्या खोलीतून रविवारी धबधब्यावर निघालेल्या पोराला सांगतो. ज्याच्याकडे फार्महाऊस आहे तो भुशीला जात नाही. सार्वजनिक जागेतला अपघात हा बहुतेकदा खासगी जागा नसलेल्यांचा अपघात असतो.

राहिला नोकऱ्यांचा प्रश्न, आणि त्यात आक्षेप घेणाऱ्यांची बाजू आजच्या घडीला बिनतोड आहे. ही पदवी घेऊन मुलगा बाहेर पडला तर त्याने कुठल्या पदासाठी अर्ज करायचा? पर्यटन विकास महामंडळ १९७५ पासून आहे, पण गडावर, घाटात, किनाऱ्यावर उभं राहून काम करणारा असा संवर्गच नाही. मग पोर शेवटी कॉल सेंटरमध्ये बसून सहलीची पॅकेजेस विकतं, आणि शेजारी म्हणतात, सांगितलं होतं. पण पदं नाहीत म्हणून शिक्षण नको आणि शिकलेले नाहीत म्हणून पदं नकोत, हे चक्र तोडलं कसं जातं हे मराठी वाचकाला बडोद्याकडे पाहून कळायला हरकत नाही. सयाजीराव गायकवाडांनी १९०६ मध्ये संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. वाचायला शिकलेल्या प्रजेला पुस्तकं हवीत म्हणून १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकी ग्रंथपालाला बोलावलं, आणि १९११ मध्ये ग्रंथपालांचा प्रशिक्षण वर्ग सुरू केला. कपाटाची किल्ली सांभाळायला वर्ग कशाला, हा प्रश्न तेव्हाही विचारता आला असता. महाराजांनी ग्रंथालयं आणि ग्रंथपाल दोन्ही एकदम काढले, म्हणून एकाला दुसरं मिळालं. त्याच्याही आधी, १८७८ मध्ये, इंग्रजांनी देहरादूनला वनविद्यालय काढलं ते लाकूड किती तोडलं म्हणजे जंगल टिकेल हे शिकवायला. हेतू सरकारी तिजोरीचा होता, त्याबद्दल प्रेम बाळगायचं कारण नाही. पण त्या विद्यालयामागे एक खातं होतं आणि खात्यात जागा होत्या, म्हणून ते टिकलं.

जवळचं उदाहरण गोव्याचं. तिथल्या किनाऱ्यांवर माणसं बुडत होती, आणि फलक, दंड, पोलीस सगळं करून झालं होतं. २००८ मध्ये सरकारने ‘दृष्टी’ या संस्थेकडे काम देऊन प्रशिक्षित, पगारी जीवरक्षक नेमले, मनोरे उभे केले, पोहायच्या जागांवर झेंडे लावले. बुडून मरणाऱ्यांची संख्या घटली. समुद्र तोच राहिला, पर्यटकांनाही काही एका रात्रीत अक्कल आली नाही. फरक पडला तो किनाऱ्यावर त्याच कामासाठी शिकलेला आणि त्याच कामाचा पगार घेणारा माणूस उभा राहिल्याने. त्यानंतर आठ वर्षांनी, फेब्रुवारी २०१६ मध्ये, आपल्या मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले डझनभराहून अधिक विद्यार्थी बुडाले, आणि आपण चर्चा केली ती सहलींवर बंदी घालावी की नाही याची.

म्हणून मागणी नेमकी करायला हवी. नवं विद्यापीठ नको, पंचतारांकित कॅम्पस तर नकोच. भूगोल, वनस्पतिशास्त्र, समाजशास्त्र आणि स्थापत्य यांचे विभाग असलेल्या कॉलेजांत तीन-चार वर्षांचा अभ्यासक्रम हवा. त्यात गर्दीची मोजणी, वाटांची आखणी, बचाव आणि प्रथमोपचार, ग्रामसभेत बोलणं, अंदाजपत्रक वाचणं शिकवावं, आणि निम्मं शिक्षण गडावर आणि किनाऱ्यावर व्हावं. त्याच वेळी मावळ, मुळशी, अकोले, त्र्यंबकेश्वर, मुरूड अशा तालुक्यांत एकेक पद निर्माण व्हावं. पगाराला पैसे कुठून आणायचे असं विचारणाऱ्यांनी या तालुक्यांत रविवारी पार्किंगच्या आणि प्रवेशाच्या नावाखाली जमा होणारी रक्कम कुठे जाते ते पाहावं. पावती तरी प्रत्येकाला मिळते का?

नाशिकचा सिंहस्थ २०२७ मध्ये आहे. २००३ च्या सिंहस्थात चेंगराचेंगरीत ३९ भाविक गेले होते. २०१५ चा सिंहस्थ मात्र मोठी दुर्घटना न होता पार पडला, आणि त्याचं श्रेय पोलिसांना आणि महसूल यंत्रणेला दिलंच पाहिजे. पदवीशिवायही हे काम होतं, याचा तो पुरावा म्हणून कुणी पुढे केला तर मी वाद घालणार नाही. फक्त एवढंच विचारेन की ते ज्यांनी केलं ते अधिकारी आज कुठे आहेत? काहींची बदली झाली, काही निवृत्त झाले, आणि त्यांना जे कळलं ते फायलींत गेलं. ते शिकवणारा वर्ग नाशिकमध्येच निघाला असता तर २०१५ पासून तिथून कितीतरी तुकड्या बाहेर पडल्या असत्या. २०२७ साठी आता उशीर झालाय. त्याच्या पुढच्या सिंहस्थासाठी नाही. पण त्यासाठी पहिली तुकडी लवकर भरावी लागेल, आणि तिच्याही आधी तिला शिकवणारे प्राध्यापक लागतील. ते आजच्या तिकीट-आरक्षण शिकवणाऱ्या विभागांत सापडणार नाहीत. निवृत्त वनाधिकारी, गिर्यारोहकांच्या बचाव पथकातली माणसं, माऊलींच्या पालखीचे चोपदार यांना पाहुणे व्याख्याते म्हणून तासाच्या मानधनावर बोलवायचं की पूर्णवेळ शिक्षक म्हणून घ्यायचं, आणि नेट-सेटची अट त्यांना कशी लावायची, यावर विद्यापीठांनी भांडायला सुरुवात केली तरी माझ्या मते वाद निदान योग्य जागी आला.